टेम्प्टेशन्स, द : सुरुवातीच्या तबकड्या (१९६१–६३)

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या 'द टेम्प्टेशन्स' या सोल गायकवृंदाने 'माय गर्ल'च्या आधी, नाव होण्यापूर्वीच्या तीन वर्षांत काढलेल्या सात तबकड्या. दर मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या या छोट्या तबकडीच्या दोन बाजूंवर एकेक गाणे असे. त्यामुळे एकूण गाणी चौदा. सातांपैकी एकच तबकडी 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत शिरली. पॉप यादीच्या पहिल्या शंभरात एकही आली नाही. एवढ्यावरून वृंदाच्या इतिहासात त्यांची बोळवण बहुधा 'उमेदवारीचा काळ' या दोन शब्दांत होते. ती अन्यायाची आहे. या गाण्यांत ऐकू येतो तो पुढच्या टेम्प्टेशन्सचा कच्चा खर्डा नव्हे. वेगळ्या माणसाच्या आवाजाभोवती उभा राहिलेला तो एक वेगळाच वृंद आहे.

पूर्वपीठिका : १९६० च्या सुमारास डेट्रॉइटमधील दोन तरुण गट फुटले आणि त्यांतून हा वृंद जुळला. 'द डिस्टंट्स' या गटातून ओटिस विल्यम्स, मेल्व्हिन फ्रँकलिन आणि एल्ब्रिज ऊर्फ अल ब्रायंट आले. अलाबामातील बर्मिंगहॅमहून क्लीव्हलंडमार्गे डेट्रॉइटला आलेल्या 'द प्राइम्स'मधून पॉल विल्यम्स आणि एडी केन्ड्रिक्स आले. (दोन विल्यम्समध्ये नाते नाही.) डिस्टंट्सची 'कम ऑन' ही तबकडी नॉर्दर्न या स्थानिक लेबलवर निघाली होती. तिच्यावरचे मुख्य गायक रिचर्ड स्ट्रीट पुढे १९७१ मध्ये टेम्प्टेशन्समध्ये दाखल झाले. प्राइम्सच्या जोडीला 'प्राइमेट्स' नावाचा मुलींचा गट होता. त्याच पुढे 'द सुप्रीम्स' झाल्या.

नव्या पाचजणांनी 'द एल्जिन्स' हे नाव घेतले. मोटाउन कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांनी १९६१ मध्ये त्यांना कंपनीत घेतले, तेव्हा ते नाव दुसऱ्या गटाकडे असल्याचे कळले. ओटिस विल्यम्स आणि कंपनीतील बिली मिचेल यांच्या बोलण्यातून 'टेम्प्टेशन्स' हे नाव निघाले.

आवाजांची मांडणी : पाच आवाज खर्जापासून तारापर्यंत पसरलेले होते. फ्रँकलिन यांचा खोल खर्ज, पॉल विल्यम्स यांचा भरदार, किंचित घोगरा मध्यम, ब्रायंट यांचा टेनर आणि सगळ्यांच्या वर केन्ड्रिक्स यांचा हलका फाल्सेटो, म्हणजे नैसर्गिक पल्ल्यापलीकडे चढवलेला पातळ आवाज. ओटिस विल्यम्स मुख्य स्वर क्वचितच घेत. मधली वीण त्यांच्याकडे होती. चर्चमधील गॉस्पेल आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्याउभ्या गायचे डू-वॉप या दोन्ही वळणांत पाचही जण तयार झालेले होते. वृंदाची सूत्रे त्या वेळी पॉल विल्यम्स यांच्या हाती होती असे म्हणता येईल. मुख्य गायक तर ते होतेच. रंगमंचावरच्या पदन्यासाची आखणीही तेच करत.

मिरॅकल लेबल : पहिल्या दोन तबकड्या मोटाउनच्या मिरॅकल या उपलेबलवर निघाल्या. जुलै १९६१ मध्ये 'ओह मदर ऑफ माइन' आणि मागच्या बाजूला 'रोमान्स विदाउट फायनान्स' (क्रमांक ५). नोव्हेंबरमध्ये 'चेक युअरसेल्फ' आणि 'युअर वंडरफुल लव्ह' (क्रमांक १२). 'ओह मदर ऑफ माइन' आणि 'चेक युअरसेल्फ' या दोन्हींवर पुढे आहेत ते पॉल विल्यम्स. 'चेक युअरसेल्फ'च्या श्रेयात गॉर्डी यांच्यासोबत ओटिस विल्यम्स, फ्रँकलिन आणि ब्रायंट यांची नावे आहेत. म्हणजे वृंद तेव्हा स्वतःची गाणी स्वतः रचण्यात सहभागी होता. मोटाउनची भट्टी पेटल्यावर ही मोकळीक फार उरली नाही.

मिरॅकलचे घोषवाक्य 'हिट झाले तर चमत्कार' अशा दुहेरी अर्थाचे होते आणि विक्रीत ते शब्दशः खरे ठरले. त्यातच कंपनीच्या 'द मिरॅकल्स' या वृंदाशी नावाचा घोळ होऊ लागला. वर्ष संपता संपता लेबल बंद झाले. या अल्पजीवी लेबलची पहिली तबकडी जिमी रफिन यांची होती. त्यांचेच धाकटे भाऊ डेव्हिड रफिन यांच्याशी टेम्प्टेशन्सचे भवितव्य पुढे बांधले जायचे होते.

गॉर्डी लेबल : १९६२ मध्ये कंपनीने 'गॉर्डी' हे नवे लेबल काढले आणि त्याची पहिलीच तबकडी, क्रमांक ७००१, टेम्प्टेशन्सना दिली : '(यू आर माय) ड्रीम कम ट्रू'. शब्दसंगीत बेरी गॉर्डी यांचे, मुख्य स्वर केन्ड्रिक्स यांचा. पार्श्वभूमीला एक चिरकी, थरथरती सुरावट येते. ती ऑन्डिओलिन या फ्रेंच विद्युत् वाद्याची. वाजवले आहे रेनोमा लायल्स गॉर्डी यांनी. सिंथेसायझर हा शब्द घरोघरी पोचण्यापूर्वीचे हे काम आहे. रिदम अँड ब्लूज यादीत ही तबकडी २२ व्या क्रमांकापर्यंत गेली. सातांपैकी यश मिळाले ते हिलाच. मागच्या बाजूचे 'इझन्ट शी प्रिटी' मात्र जास्त जिवंत आहे. त्यात मुख्य स्वर एका गायकाकडे न राहता हातोहात फिरतो. एकाच गाण्यात निरनिराळ्या आवाजांनी ओळी वाटून घेण्याच्या या रीतीची १९६८ नंतर वृंदाची खासियत म्हणून वाहवा झाली.

'पायरेट्स' प्रकरण : १९६२ च्या उन्हाळ्यात गॉर्डी यांनी 'डू यू लव्ह मी' हे गाणे टेम्प्टेशन्ससाठी योजले होते. ऐन वेळी पाचही जण सापडेनात. ते शहरात गॉस्पेलचा कार्यक्रम ऐकायला गेले होते. गाणे 'द कॉन्टूर्स'ना मिळाले आणि पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये मेल-ओ-डी या उपलेबलवर टेम्प्टेशन्सची एक तबकडी आली, पण 'द पायरेट्स' या नावाने. 'माइंड ओव्हर मॅटर' हे गाणे मुळात डेट्रॉइटच्याच फॉर्च्यून कंपनीसाठी नोलन स्ट्राँग यांनी गायलेले. ते शहरात गाजू लागताच मोटाउनने स्वतःची आवृत्ती घाईने बाजारात आणली. श्रोत्यांनी मूळ गाणेच पसंत केले. टोपणनावाखाली निघाल्यामुळे सात तबकड्यांत सर्वांत विस्मृत राहिली ती हीच, आणि आज संग्राहक शोधतात तीही हीच.

'पॅराडाइज' ते 'फेअरवेल माय लव्ह' : १९६२ अखेरचे 'पॅराडाइज' पुन्हा गॉर्डी यांचे आणि पुन्हा केन्ड्रिक्स यांच्या फाल्सेटोवर उभारलेले. ते शंभराबाहेर, १२२ व्या क्रमांकावर थांबले. त्याच्या मागच्या बाजूला 'स्लो डाउन हार्ट' आहे, आणि त्याच्यावर स्मोकी रॉबिन्सन यांची मोहोर आहे. कोमल, शब्दखेळाने सजलेल्या रचना करणारे रॉबिन्सन तेव्हा मेरी वेल्स यांना एकामागून एक यश मिळवून देत होते. मार्च १९६३ मध्ये त्यांनी टेम्प्टेशन्सना 'आय वाँट अ लव्ह आय कॅन सी' दिले.

सातांतील हे शिखर आहे. ठेका ठाम, मागचे स्वर तुटक आणि नेमके, आणि वर पॉल विल्यम्स यांचा आवाज : विनवणी करणारा, पण कुठेही केविलवाणा न होणारा. राष्ट्रीय यादीत ते कुठेच दिसले नाही. तरीही वृंदाने ते टाकले नाही. १९६७ च्या 'टेम्प्टेशन्स लाइव्ह!'मध्ये, डोक्यावर अर्धा डझन लोकप्रिय गाण्यांचे ओझे असतानाही, ते गायले गेले आहे. खपाचे आकडे आणि गायकांची स्वतःची पसंती यांतले अंतर मोजायला याहून चांगला पुरावा नाही.

याच तबकडीची मागची बाजू, 'द फर्दर यू लुक, द लेस यू सी', इतिहासाच्या दृष्टीने आणखी मोलाची आहे. तिच्या श्रेयात रॉबिन्सन यांच्याबरोबर नॉर्मन व्हिटफील्ड हे नाव आहे. 'माय गर्ल'चा गोडवा घडवणारे आणि 'क्लाउड नाइन'चा झंझावात उठवणारे दोघे निर्माते १९६३ मध्येच इथे एका गाण्यात भेटतात. जूनमध्ये आलेली 'फेअरवेल माय लव्ह' ही मालिकेतील शेवटची तबकडी, पुन्हा अपयशी.

अपयशाची कारणे : गाण्यांचा कस हे त्यातले सर्वांत किरकोळ कारण. वृंदाला दोन वर्षांत तीन लेबले आणि एक टोपणनाव लाभले. मुख्य आवाज कधी पॉल यांचा, कधी एडी यांचा. रेडिओवर ऐकणाऱ्याने ओळख कशाला बांधावी? डू-वॉपचा बहर ओसरत होता, आणि कंपनीचे मर्यादित बळ मार्व्हलेट्स आणि मेरी वेल्स यांच्यामागे लागले होते.

उत्तरकाल : सततच्या अपयशाने ब्रायंट वैतागले. दूध पोचवण्याची आपली रोजची नोकरीच त्यांना अधिक भरवशाची वाटे. १९६३ अखेर त्यांना वगळण्यात आले आणि जानेवारी १९६४ मध्ये डेव्हिड रफिन आले. त्याच महिन्यात निघालेले रॉबिन्सन यांचे 'द वे यू डू द थिंग्ज यू डू' पॉप यादीत ११ वे आले. मग डिसेंबरात रफिन यांच्या मुख्य स्वरातील 'माय गर्ल' आले, मार्च १९६५ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले आणि वृंदाचा केंद्रबिंदू कायमचा सरकला.

मार्च १९६४ मध्ये 'मीट द टेम्प्टेशन्स' ही पहिली दीर्घ तबकडी निघाली. तिच्यातील बारांपैकी दहा गाणी या जुन्या तबकड्यांवरचीच आहेत. पायरेट्सची दोन आणि सर्वांत पहिल्या तबकडीची दोन तेवढी वगळली. ज्या ब्रायंटांचा टेनर या दहा गाण्यांत आहे, ते वेष्टनावरच्या छायाचित्रात नाहीत. तिथे रफिन उभे आहेत, आणि त्यांचा सहभाग आहे फक्त 'द वे यू डू'मध्ये. २००५ पासून 'द कम्प्लीट मोटाउन सिंगल्स' ही संचमाला निघू लागली, तेव्हा तिच्या पहिल्या खंडांत ही वगळलेली चार गाणी सुसंगत क्रमाने आली.

पॉल विल्यम्स १९७३ मध्ये आणि ब्रायंट १९७५ मध्ये वारले. १९८९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये टेम्प्टेशन्सच्या सहा सदस्यांची नावे दाखल झाली. त्यांत पॉल विल्यम्स आहेत. अल ब्रायंट नाहीत.