मलंगाची कुत्री

देवगिरीच्या परिसरात श्रीदत्तात्रेय मलंगाच्या वेषात जनार्दनस्वामींस भेटले, ही एकनाथचरित्रातील कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ती आहे. मलंगाबरोबर एक कुत्री असते; तिचे दूध काढून त्यात भाकर कुसकरतात, जनार्दनस्वामी व मलंग एका पात्रात जेवतात, आणि हे पाहून तरुण एकनाथ बिचकतात. ती कुत्री म्हणजे कामधेनू, हे मागाहून उलगडते.

राज्य यवनांचे, म्हणून देवानेही तो वेष पत्करला, असे पुष्कळ व्याख्याते सांगतात. मला हा अर्थ अपुरा वाटतो. नुसता वेषच पालटावयाचा, तर काजी किंवा सरदार का नव्हे? मलंग हा मुसलमानांतही शरीयतीच्या चौकटीबाहेरचा फकीर. कुत्र्याची लाळ तर त्यांच्याही बहुतेक धर्मशास्त्रकारांनी अपवित्रच मानली आहे. म्हणजे येथे केवळ ब्राह्मणाच्या सोवळ्याची परीक्षा नाही. (वर्गात ही कथा सांगताना कुत्री गाळण्याचा मोह शिक्षकास होतो, पण ती गाळली की कथेत उरते काय?)

सूफींच्या कथाविश्वात या खुणा परिचित आहेत. कुराणाच्या १८व्या अध्यायात गुहेत निजलेल्या तरुणांच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेले कुत्रे आहे. लोककथेने त्यास कितमीर हे नाव आणि स्वर्गात जागा दिली. त्याच अध्यायात मूसा एका ज्ञानी पुरुषामागे जातो. हा पुरुष गरिबांच्या नावेस भोक पाडतो, एका मुलाचा जीव घेतो, अन्न नाकारणाऱ्या गावाची भिंत मजुरीवाचून उभारतो. मूसा तीनदा आक्षेप घेतो व सोबत तुटते. परंपरा या पुरुषास खिज्र म्हणते. ‘जाहिर’ म्हणजे दिसणारे आणि ‘बातिन’ म्हणजे आतले, हा सूफींचा भेद समजावण्यास ही कथा नेहमी पुढे येते.

एका कथेवरून दुसरी रचली, असे मी म्हणत नाही. परंतु दौलताबादेजवळच्या खुलदाबादेत १४व्या शतकापासून चिश्ती सूफींचे दर्गे आहेत, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले होत असे मानणारी परंपराही आहे. त्याच चांद बोधल्यांचे शिष्य म्हणविणाऱ्या शेख महंमदांनी १६४५ साली ‘योगसंग्राम’ रचला. अशा शेजारात मलंग हे पात्र परके नव्हते.

दत्ताच्या चित्रात गाय मागे व कुत्री पायाशी, अशी वेगळी असतात. या कथेत मात्र गायच कुत्री होऊन येते.