रूप एक, प्रजाती दोन

युरोपातील जंगलांच्या कडेने आणि गवताळ कुरणांवर एक नाजूक पांढरे फुलपाखरू संथपणे, जणू हेलकावे खात उडताना दिसते. इंग्रजीत त्याला 'वुड व्हाइट' म्हणतात. पंखांचा विस्तार जेमतेम चार सेंटिमीटर. लिनियसने १७५८ साली त्याला 'सिनापिस', म्हणजे मोहरी, असे नाव दिले. प्रत्यक्षात त्याच्या अळ्या मोहरीला तोंडही लावत नाहीत. त्या वाटाण्याच्या कुळातील रानवनस्पतींवर वाढतात.

हे फुलपाखरू एकच आहे, ही समजूत दोन शतके टिकली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नरांच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. काहींची आखूड, तर काहींची लांब असल्याचे त्यात आढळले. आखूडवाले सिनापिस ठरले, लांबवाल्यांना 'रिआली' हे नाव मिळाले. २०११ मध्ये जनुकीय अभ्यासाने या रिआलीचेही दोन भाग केले. खरे रिआली स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली या पट्ट्यातले. आयर्लंडपासून कझाकस्तानपर्यंत पसरलेले ते 'जुव्हेर्निका'. जुव्हेर्ना हे आयर्लंडचे जुने लॅटिन नाव.

सिनापिस आणि जुव्हेर्निका यांच्यातील फरक पंखांवरून खात्रीने सांगणे तज्ज्ञांनाही जमत नाही. गुणसूत्रांची संख्याही गोंधळात टाकते. जुव्हेर्निकात ती ८० ते ९१ असते; सिनापिसमध्ये मात्र स्पेनमध्ये १०६, तर पूर्व कझाकस्तानात अवघी ५६. खरी पारख असते ती मादीला. नर समोर बसून, सोंड डोलावत, कोणत्याही मादीची आराधना करतो. स्वीडनमधील प्रयोगांत माद्यांनी होकार दिला तो केवळ स्वतःच्या प्रजातीच्या नराला.

हा भेद केवळ वर्गीकरणाच्या पुस्तकापुरता नाही. आयर्लंडमधील सारी वुड व्हाइट पूर्वी सिनापिस समजली जात. प्रत्यक्षात तेथे सर्वत्र आढळते ते जुव्हेर्निका. सिनापिस पश्चिमेकडील बरेन या चुनखडीच्या प्रदेशात आणि त्याच्या आसपासच आहे. दोघांची मोजणी एकत्र होत राहिली असती, तर बरेनमधील सिनापिस नाहीसे झाले तरी आकड्यांत ते उमटले नसते. ब्रिटनमध्ये केवळ सिनापिसच आहे आणि तेथे ते झपाट्याने घटले आहे. झाडे ठरावीक वर्षांनी बुंध्याशी तोडून पुन्हा फुटू देण्याची जुनी पद्धत मागे पडली, जंगलातील वाटांवर सावली दाटली आणि अळ्यांच्या खाद्यवनस्पती विरळ झाल्या. आयर्लंडच्या कुरणांतील जुव्हेर्निका कितीही विपुल असले, तरी ही तूट त्याने भरून निघणारी नाही.