लांबचा डोंगर, जवळचा बांध

साल १९६६, पौषातली सकाळ. मीटरगेजच्या लाकडी बाकावर खिडकीची जागा धरून तुम्ही बसलाय. मिरजेकडं निघालेली गाडी कोरेगाव सोडते. डोळ्यात कोळशाचा कण जातो आणि तो चोळेपर्यंत अर्धा मैल निसटतो. गेला तो गेला.

उजवीकडचा जरंडेश्वर मात्र जागचा हलत नाही. कोवळं ऊन थेट अंगावर, घळी जांभळट. रुळालगतची बाभळ, बांध, डोक्यावर पाटी घेतलेली बाई नजर ठरायच्या आत मागं पडतात. रेल्वेतून बघितलेल्या मुलखाचं असंच होतं, लांबचं पक्कं बसतं, जवळचं गळतं. पुढं म्हातारपणी कागद ओला करून बसाल, तेव्हा ती गळालेली जागा हात आपसूक त्या काळच्या उसानं भरून टाकेल.

म्हणून रहिमतपूरला उतरा.

एसटीनं औंध गाठा. स्वतः कुंचला चालवणाऱ्या राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय बांधलं, तिथं रविवर्म्याची चित्रं बघून घ्या. पण रेंगाळू नका. भरजरी पदर बघून डोळे दिपतात, आणि तुम्हाला हवाय ढेकळाचा रंग.

तो शिवारात आहे. शाळू हुरड्याला आलाय. माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवतो, फट्ट आवाज होतो, पाखरांचा थवा उठून पलीकडच्या वावरात बसतो. ताटांखालची काळी जमीन भेगाळलेली. हिरवं आहे, पण धुळकट, पिवळ्याकडं झुकलेलं. विहिरीवर मोट चालू आहे. बैल धावेवरून खाली उतरतात, नाडा ताणतो, पाणी थारोळ्यात कोसळतं. भिजते ती जेमतेम दोन-चार वाफ्यांची पट्टी. चित्रात गडद हिरवा फक्त तिथंच.

शेजारच्या विहिरीवर मात्र पंपाचं इंजिन टुकटुकतंय. मिरजेच्या त्याच रुळावर पुढं पंपांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी, १९१० सालची. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येईनात, म्हणून रंग सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडं वळले. गंमत बघा, रंगांनी ज्याला दगा दिला, त्याच्याच कारखान्यातले पंप या मुलखाचा रंग पालटायला निघालेत.

आता म्हातारपणात परत या. कागद ओला करा. डोंगराला कोबाल्टमध्ये थोडा तांबूस, तो तुम्हाला पाठच आहे. जमिनीला यलो ऑकर, बर्न्ट सिएना. शाळूच्या कणसांसाठी कागद कोरा सोडा. हिरव्या ट्यूबचं टोपण इतक्यात उघडू नका.

कडेगावकडचा पाहुणा चहाची बशी तोंडाला लावत मागून डोकावतो.

"हे आमच्याकडचं न्हाई. ऊस कुठाय ह्यात?"

"ह्यात साल सहासष्ट आहे. तुमच्याकडंही ताकारी उपसा योजनेचं पाणी अजून यायचंय," तुम्ही म्हणता आणि थारोळ्यापुढची पट्टी भिजवायला घेता.