कॅडी कधी हौशी नव्हताच

गोल्फपटूची कारकीर्द सहसा एकाच साच्यात सांगितली जाते. आधी ज्युनियर स्पर्धा, मग हौशी विजेतेपदं, मग व्यावसायिक म्हणून नोंदणी आणि शेवटी टूरवरचा पहिला विजय. अदिती अशोक या साच्यात चपखल बसते. २०१५मध्ये तिने ब्रिटनची महिलांची हौशी स्ट्रोक-प्ले स्पर्धा जिंकली, ते वर्ष संपताच ती व्यावसायिक झाली आणि २०१६च्या नोव्हेंबरात गुरुग्राममध्ये महिलांची इंडियन ओपन जिंकून युरोपीय टूरची विजेती ठरली. पण भारतीय गोल्फचा बराच मोठा इतिहास या साच्याबाहेर घडला आहे. इथे ‘हौशी’ ही शिडीची पहिली पायरी नव्हती. ते एक वेगळं दार होतं आणि त्या दारातून आत कोण येणार हे खेळापेक्षा घराण्यावर ठरत होतं.

इंडियन ओपन १९६४मध्ये सुरू झाली. पहिला मान ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने पटकावला आणि दुसऱ्याच वर्षी, कोलकात्यात, पी. जी. उर्फ बिलू सेठी हे भारतीय खेळाडू जिंकले. सेठी हौशी होते, म्हणजे बक्षिसाची रक्कम घ्यायची त्यांना मुभा नव्हती. त्यानंतर भारतीय नाव पुन्हा त्या यादीत यायला १९९१ उजाडलं, आणि ते नाव होतं अली शेर यांचं. दिल्ली गोल्फ क्लबवर इतरांच्या बॅगा वाहत वाढलेला हा माणूस इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली, त्यामुळे पहिला विजय नशिबाचा होता असं म्हणायचीही सोय राहिली नाही. पैसा घेता येत नाही असा विजेता आधी आणि पैशाशिवाय ज्याचं भागत नाही असा विजेता २६ वर्षांनी, हा क्रम बोलका आहे.

यावर कुणी म्हणेल, नियम तर सगळ्यांना सारखा होता. कॅडीला हौशी राहायला कुणी अडवलं होतं? कागदावर कुणीच नाही. पण हौशी स्पर्धेत उतरायला हँडिकॅप लागतो, हँडिकॅप क्लबमार्फत मिळतो आणि क्लब असतो सभासदांचा. अनेक क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असे आणि तेवढ्यापुरतं कॅडींना खेळू देत. उसन्या किंवा टाकून दिलेल्या काठ्या घेऊन आठवड्यातून एकदा खेळणाऱ्या मुलाने प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून करून, बक्षिसाला हात न लावता चार-पाच वर्षं देशभर खेळत राहावं, ही अपेक्षाच मुळात सभासदाच्या मुलाकडे बघून केलेली आहे. कॅडीसाठी व्यावसायिक होणं ही बढती नव्हती. खेळत राहायचं तर दुसरा रस्ताच नव्हता.

एकाच क्लबात हा फरक बघायचा तर रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब बघावा. १८२९मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. अर्जुन अटवाल इथे आणि टॉलीगंज क्लबवर खेळ शिकले, पुढे शिकायला अमेरिकेत गेले आणि २००२मध्ये सिंगापूरला युरोपीय टूरची स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. शिवशंकर प्रसाद चौरसिया याच क्लबातले, पण त्यांचे वडील तिथे मैदानाची निगा राखायचे. शिकवायला कुणी नव्हतं. बघून बघून, ग्रीनच्या कडेला चेंडू टोलवत खेळ उचलला. म्हणून लांब फटका बेताचाच राहिला. ग्रीनजवळचा हात मात्र असा बसला की सोबतचे खेळाडू त्यांना गमतीने ‘चिपपटसिया’ म्हणू लागले. १९९७मध्ये ते व्यावसायिक झाले आणि २००८मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकून युरोपीय टूरच्या विजेत्यांत जाऊन बसले.

आता खरा आक्षेप. या मागच्या दाराने आलेली मंडळी घरच्या मैदानावरच जिंकतात, बाहेर त्यांची डाळ शिजत नाही. यात तथ्य आहे. दिल्लीच्या लोधी कोर्सवर फेअरवे अरुंद, दोन्हीकडे झुडपांची दाटी. तिथे ताकदीचा ड्रायव्हर बॅगेत ठेवून सरळ मारणारा फायद्यात राहतो. महूचे मुकेश कुमार यांना आशियाई टूरवरचा पहिला विजय २०१६मध्ये वयाच्या ५१व्या वर्षी मिळाला, तोही याच मैदानावर. पण या आक्षेपाने माझ्या मुद्द्याला बळच मिळतं. हौशी कारकीर्द तंत्राहून जास्त काही देते: परकी मैदानं, परकं गवत, वारा, प्रवासाची सवय. जीव मिल्खा सिंग अमेरिकन विद्यापीठाकडून खेळून १९९३मध्ये व्यावसायिक झाले, तेव्हा हे शिक्षण त्यांच्या गाठीशी होतं. कॅडीला ते नोकरीवर असतानाच घ्यावं लागलं, स्वतःच्या खर्चाने. आणि चौरसियांनी ते घेतलंही: २०१६मध्ये मनिलातली स्पर्धा जिंकली, २०१७ची इंडियन ओपन दिल्ली सोडून गुरुग्रामच्या अवघड, नव्या धाटणीच्या मैदानावर गेली तर तिथे सात फटक्यांनी जिंकले.

दोन्ही दारांतून आलेले खेळाडू २०१५च्या इंडियन ओपनमध्ये समोरासमोर आले. पुण्यात जन्मलेला, लष्करी डॉक्टरांचा मुलगा अनिर्बन लाहिरी शेवटच्या दिवशी सात फटके मागून आला आणि प्लेऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी मारून चौरसियांच्या हातचं विजेतेपद घेऊन गेला. पुढच्या वर्षी चौरसिया जिंकले आणि लाहिरी संयुक्त दुसरा आला. दर्जात डावं-उजवं करायला जागा नव्हती. तरीही या दोघांपैकी आशियाई खेळांचं पदक होतं ते लाहिरीकडेच, २००६च्या दोह्यातलं सांघिक रौप्य, कारण ती स्पर्धा हौशींची होती. १९८२मध्ये दिल्लीत लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक आणि भारताने सांघिक सुवर्ण मिळवलं तेही हौशींच्या गटातच. बॅगा वाहणारे त्या निवडीत नव्हतेच, असूच शकत नव्हते. रिओ ऑलिम्पिकला व्यावसायिकांना मुभा मिळाली आणि लाहिरीबरोबर चौरसियाही गेले. आशियाई खेळांनी तीच मुभा द्यायला २०२३चं हांगझोऊ उजाडलं. तिथल्या भारतीय संघातही चौरसिया होते, वयाच्या ४५व्या वर्षी.