ऑस्कर एकेनस्टाइन : बर्फाचे गणित मांडणारा रेल्वे अभियंता

उत्तरकाशी किंवा मनालीला गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम करणारा प्रत्येक विद्यार्थी बुटांखाली क्रॅम्पॉन चढवतो. त्या पोलादी दातांना आजचे रूप देणारा माणूस मात्र इतिहासाच्या तळटिपेतच राहिला.

ऑस्कर एकेनस्टाइनचा जन्म १८५९चा, लंडनमधला. वडील जर्मन ज्यू, समाजवादी. १८४८च्या क्रांतीच्या अपयशानंतर त्यांनी मायदेश सोडला होता. मुलाने रसायनशास्त्र शिकून पुढे रेल्वे अभियंत्याचा पेशा पत्करला आणि उरलेला वेळ डोंगरांना दिला. वेल्समध्ये तो माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या एकेका शिळेवर तासन्‌तास तोल साधत बसे. नुसत्या हातांच्या ताकदीवर चढण्याला प्रतिष्ठा असलेल्या त्या काळात हा उद्योग अनेकांना पोरखेळ वाटला. आज त्यालाच बोल्डरिंग म्हणतात.

बर्फावरची तेव्हाची रीत अशी, की वाटाड्याने कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदायची आणि मागच्यांनी तीवर पाय ठेवायचा. उभ्या उतारावर यात तासांमागून तास जात. काटेरी पादत्राणे पूर्वीपासून होती. पण ती ओबडधोबड असत, शिवाय ती वापरणे ब्रिटिश गिर्यारोहकांना खिलाडूपणाला न शोभणारे वाटे. एकेनस्टाइनने या प्रश्नाकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिले. दात किती असावेत, कुठे असावेत, शरीराचा भार त्यांवर कसा विभागला जावा, याचा हिशेब करून त्याने दहा दातांचा क्रॅम्पॉन सिद्ध केला आणि १९०८मध्ये एका ऑस्ट्रियन नियतकालिकात तो मांडला. सोबत चालण्याचे तंत्रही दिले : घोटा वाकवून पाऊल उताराशी सपाट ठेवावे, म्हणजे सगळे दात एकदम रुततात. कुर्मायरच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने त्याच्या आराखड्यावरून क्रॅम्पॉन घडवून विकायला आरंभ केला. ग्रिव्हेलचे नाव आजही गिर्यारोहण-साहित्याच्या दुकानात दिसते. बर्फकुऱ्हाडीचा लांब दांडा आखूड करून ती एका हाताने वापरण्याजोगी केली, तीही यानेच.

हिंदुस्थानशी त्याचा संबंध काहीसा कडवट आहे. १८९२मध्ये मार्टिन कॉनवेच्या काराकोरम मोहिमेत तो होता, पण मतभेद होऊन मध्येच परतला. १९०२मध्ये के-२ चढण्याच्या पहिल्या गंभीर प्रयत्नाचा नेता म्हणून तो आला, तेव्हा सरकारी हुकमाने त्याला सुमारे तीन आठवडे अडकवून ठेवण्यात आले. सहकारी ॲलिस्टर क्राउलीने याचे खापर कॉनवेवर फोडले. क्राउलीच्या आठवणी रंजक खऱ्या, पण साक्षीदार म्हणून तो फारसा भरवशाचा नाही, हे ध्यानात ठेवावे. जर्मन आडनावाच्या माणसाविषयीचा साम्राज्याचा संशय हेही कारण असू शकते.

पुढे हिमनदीवर या तुकडीने दोन महिन्यांहून अधिक काळ काढला. निरभ्र दिवस त्यात फारच थोडे लाभले. आजारपण आणि आपसांतील कलह यांनी तुकडी खिळखिळी झाली. क्राउलीने तर एकदा सोबत्यावर पिस्तूल रोखले. तरीही ईशान्य धारेवर सुमारे ६,५०० मीटरपर्यंत ते पोहोचले. कृत्रिम प्राणवायू आणि हवामानाचे अंदाज नसलेल्या काळात हे थोडे नव्हे. शिखर प्रत्यक्षात सर झाले ते १९५४मध्ये.

लंडनच्या अल्पाइन क्लबशी त्याचे कधी जमले नाही, आणि ब्रिटिश गिर्यारोहणाचा आरंभीचा इतिहास लिहिला तो प्रामुख्याने त्या क्लबच्या वर्तुळाने. त्याच्या विस्मृतीचे मोठे कारण हेच दिसते. एप्रिल १९२१मध्ये तो वारला. त्याच वर्षी क्लबच्या पुढाकाराने एव्हरेस्टची पहिली पाहणी मोहीम निघाली.

त्याचा आणखी एक छंद होता. प्रवासी आणि भाषाप्रभू रिचर्ड बर्टन याच्या ग्रंथांचा संग्रह त्याने आयुष्यभर जोपासला. हा बर्टन म्हणजे मुंबई सैन्यात असताना मराठीचीही परीक्षा उत्तीर्ण झालेला अधिकारी. तो संग्रह पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे गेला.