जालन्याहून गेलेले इस्पितळ

आमच्या हिंगोलीकडे एखादा माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात : भानामती. कोणी करणी म्हणतो, कोणी बाहेरचे. आम्ही ह्या शब्दांना हसत नाही. ज्या मुलखात दुखण्याला दवाखाना नव्हता, तेथे दुखण्याला नाव देवऋषीनेच द्यावयाचे. दुसरे कोण देणार?

वैद्यक ज्याला सायकोसिस म्हणते त्यात माणसाची वास्तवाशी फारकत होते. जवळ कोणी नसता आवाज ऐकू येतात. घरचीच माणसे अन्नात विष कालवतात अशी खात्री पटते व ती कोणत्याही पुराव्याने ढळत नाही. बोलणे तुटक होते, झोप उडते. आपण आजारी आहो हेच रोग्याला पटत नाही, नि घरच्यांचे हाल तेथून सुरू होतात. कारण एकच नसते. घराण्यातून आलेला कल, मेंदूतील डोपामीन ह्या द्रव्याचा बिघाड, गांजा, क्वचित बाळंतपण किंवा मेंदूज्वर. त्यांवर जिण्याचा ताण. आमच्या एका जिनिंग कामगाराला यंत्राच्या घरघरीत स्वतःचे नाव ऐकू येऊ लागले. मालकाने दारुडा म्हणून त्याला कामावरून काढले. तो थेंबालाही शिवत नसे.

निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानाचे वेड्यांचे इस्पितळ जालन्याला होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात. पूर्णा जंक्शनला गाडी बदलली की जालना गाठता येई. तेथे रोगी बरे होत असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी जगभरच असल्या इस्पितळांच्या हाती कोंडून ठेवण्यापलीकडे फारसे काही नव्हते. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग छापून मांडला, तिकडे जगाचे लक्ष जाण्यास वीसएक वर्षे लागली. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले व डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन देऊन पाहिले, आणि वर्षानुवर्षे कोंडलेले रोगी घरी जाण्याजोगे होऊ लागले.

आणि दैव पाहा. औषध हाती आले तोच, १९५३ साली, जालन्याचे इस्पितळ हैदराबादेत एर्रागड्ड्याला हलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. इस्पितळ परराज्यात राहिले. भाषावार प्रांतरचना हवीच होती, तीत आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण त्या वाटणीत वेड्यांचा वाटा कोणी मागितला नाही.

पुढे महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. मराठवाड्यात कित्येक दशके एकही नाही. पुण्यास जावयाचे तर मनमाडला मीटरगेज सोडून दुसरी गाडी धरावयाची, तीही अशा माणसाला दोघांनी आवरून, दोघांची मजुरी बुडवून. साखळी त्याहून स्वस्त पडे. तामिळनाडूत एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीत अडकलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने स्पष्ट मनाई आहे.

आमचा तो जिनिंग कामगार सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या नेतो आणि दुसऱ्या जिनात कामाला आहे. आवाज अजून मधूनच येतो, असे तो सांगतो; पण आता तो मान वर करीत नाही.