कुंडलिकेचं पाणी नक्की कुणाचं?

कोलाडच्या राफ्टिंगचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. लाइफ जॅकेट, हातात वल्हं, दोन्ही बाजूंना सह्याद्रीचं हिरवं जंगल. आमच्या पेणच्या रामवाडी स्टँडवरून नागोठणेमार्गे कोलाड तसं जवळच, म्हणून ऑफिसच्या गँगबरोबर मीही जाऊन आलो. धमाल आली, वादच नाही! पण डोक्यातला इंजिनिअर गप्प बसेना. भर उन्हाळ्यात कोकणातल्या नद्यांची डबकी होतात, मग कुंडलिकेलाच एवढा जोर कुठून?

तर मंडळी, उत्तर घाटमाथ्यावर आहे. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिकेत येतं. तिथून वीजघराच्या वेळापत्रकाप्रमाणे जसं पाणी सुटतं, तशा आपल्या बोटी सुटतात. गंमत म्हणजे हे पाणी मुळा नदीचं. ते भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांच्या योजनेने त्याची दिशाच उलटी केली, आणि आता ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. डिझाइन म्हणून बघाल तर लाजवाब.

पण याची किंमत कुणी मोजली? मुळशी खोऱ्यातल्या पन्नासच्या आसपास गावांनी. आंबेमोहोर पिकवणारी भाताची खाचरं, घरं, देवळं, सगळं पाण्याखाली जाणार होतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे.

लढा हरला. कारण फक्त पोलीस नव्हते. बऱ्याच जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि त्यांना मोबदल्यात रस होता. कसणारा एकटा पडला. १९२४ मध्ये बापटांनी शस्त्र उचललं, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

आता दुसरी बाजू. या पाण्यावर आमच्या रायगडातही आयुष्यं उभी राहिली. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले, उन्हाळी भात आला, रोह्याचे कारखाने आले. तिकडे वाढत्या पुण्याला मुळशीचं पाणी हवंय. उद्या ते परत पूर्वेला वळवायचं ठरलं तर इथला शेतकरी काय करणार? शंभर वर्षांपूर्वी मावळ्याला विचारलं नव्हतं. यावेळी निदान दोन्हीकडच्यांना विचारावं, एवढंच माझं म्हणणं.

राफ्टिंगला जरूर जा. फक्त गाईडने 'नदीचं पाणी सुटलं' अशी आरोळी दिली, की एकदा वर घाटाकडे बघा. त्या पाण्याखाली गावं आहेत.